सिंधुदुर्गाचा दरवाजा शोधा

नरकचतुर्दशी, १९५७

मंडळी, गणपतीनंतर चाळीचा हा फळा मी कोराच ठेवला, माफ करा. आज मात्र लिहिल्यावाचून राहवेना.

आपल्या मुलींनी अंगणात मातीचा सिंधुदुर्ग केलाय. भर समुद्रातल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. त्यांच्या जागी पाण्याने भरलेल्या वाट्या पुरल्यात. बुरुजावर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ अशी पताका आहे.

कुसुमने दरवाजा ऐटीत समोरच केला होता. मीच म्हटलं, “खरा दरवाजा वळलेल्या तटाआड आहे. बाहेरून दिसत नाही.” तिने तोंड पाडून तो मोडला आणि आत लपवला.

दुपारी किल्ल्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले. “किल्ला झकास! पण दरवाजा विसरलात की!”

कुसुमने माझ्याकडे रागाने पाहिलं. माझ्या पुस्तकी हट्टापायी पोरींचं बक्षीस जाणार?

तेवढ्यात मालवणच्या काकू गॅलरीतून परीक्षकांना ओरडल्या, “दिसलो तर तो दरवाजो कसलो? शोधा बघया, मास्तरानू!”

परीक्षक धोतर सावरून मातीत गुडघ्यांवर बसले. बऱ्याच वेळाने बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा सापडला, तेव्हा मनापासून हसले.

निकाल भाऊबीजेला आहे. नंबर येवो न येवो, कुसुम आता येणाऱ्याजाणाऱ्याला दरवाजा शोधायला लावतेय. तुम्हाला सापडला का?

उद्या: दरवाजाजवळची पणती हलवायची. तिच्या उजेडात तो लगेच दिसतो.