हंडाभर ऊन पाणी

"मागच्या दारानं जा. वहाळात बुडी मारल्याबिगर गावात पाय ठेवू नगंस."

नंदिगड्ड्याच्या पाटलीणबाई हे माझ्या आईला म्हणाल्या. आई सुईण. पाटलीणबाईंच्या थोरल्या सुनेचं मूल पायाळू होतं. दोन दिवस झगडून आईनं दोघांना वाचवलं होतं. आणि आईच्या अंगात हिवताप होता.

पौष महिना. चुलीवर पाणी उकळत होतं. बाळ-बाळंतीण न्हाऊनही हंडा अर्धा भरलेला. मी एकोणीस वर्षांची, आईच्या हाताखाली शिकत होते. म्हटलं, "बाई, आईला हीव भरलंय. दोन तांबे ऊन पाणी द्या. गोठ्यामागं न्हाईल ती."

"आन् हंडा बाटला म्हणून टाकून देऊ व्हय?" त्या म्हणाल्या. "सुइणीला कसला गं ताप. वहाळातल्या धोंड्याची हाडं तुमची."

जमलेल्या बायका हसल्या. आईही हसली. तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

बाळंतघराचा विटाळ घेऊन सुइणीनं गावात शिरायचं नाही, अशी रीत. वाटेत मी म्हटलं, "आव्वा, सरळ घरी जाऊ. कोण बघतंय?"

"बाळाला काय झालं तर माझ्यावर येईल. मग मला कोण बोलवील? मी न्हाई गेले तर बायका कुणाच्या हातात जातील?"

ती छातीभर पाण्यात उतरली. आधी बाळंतिणीचे धडपे धुतले, मग स्वतः बुडाली. मी काठावर कोरडं लुगडं धरून उभी.

तिसऱ्या दिवशी दिग्गी गावाहून बाळंतपणाचं बोलावणं आलं. ती अंथरुणातून उठली, कमरेला बटवा खोचला आणि उंबऱ्यात पडली. पुन्हा उठली नाही. तिच्या हातांवर जन्मलेली पोरं गावोगाव होती. तिच्या उशाशी मी एकटी.

दोन वर्षांनी त्याच घरी धाकट्या सुनेसाठी मला बोलावलं. गेले. मूल सुखरूप झालं. मग तेच. मागचं दार, वहाळ.

मी गोठ्याशी खाली बसले. "ऊन पाणी आल्याबिगर उठणार न्हाई."

"माजलीस काय गं?" पाटलीणबाई म्हणाल्या.

"व्हय. आई माजली असती तर जगली असती."

आतून बाळंतीण सासूला बारीक आवाजात म्हणाली, "अत्ते, द्या की पाणी."

पाणी आलं. मी न्हाले. हंडा त्यांनी माझ्यादेखत परसात फेकला. फेकू देत.

पुढं कॅसलरॉकला स्टेशनातल्या एका बाईंकडून अक्षरं शिकले. आता माझ्याकडे चार बायका हे काम शिकतात. माझ्या दाराला यादी लावलेली आहे. नखं काप. सुरी उकळ. जेवून नीघ. बाळंतपण झालं की ऊन पाणी मागून घे. एक पुरी झोप झाल्याशिवाय दुसऱ्या घरी जाऊ नको. अंगात ताप असेल तर दुसरीला पाठव.

आज मला ताप आहे. सकाळी दिग्गीचा माणूस आला. "तूच चल." मी शिकवलेल्या दोघींना पाठवलं. जाताना तो म्हणाला, "तुझी आई अशी नव्हती."

नव्हती. मी कांबळ्यात तोंड घालून रडले. पण उठले नाही. या हातांना अजून पुष्कळ वर्षं काम करायचं आहे. तापात मी उठणार नाही.