साडूंचा माळढोक

माझ्या थोरल्या साडूंनी जेवढी माणसं दमवली, तेवढी नगर जिल्ह्यातल्या सगळ्या एसटी गाड्यांनी मिळूनही दमवली नसतील. त्यात पहिला नंबर माझा. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. नेवाशाच्या एका शाळेत ते भूगोल शिकवत आणि सुट्टी मिळाली की जिल्ह्यात माळढोक कुठे कुठे उरलाय याचा नकाशा करत. माळढोक म्हणजे उजाड माळावर राहणारा, उंच मानेचा, जवळजवळ संपत आलेला भला थोरला पक्षी. तो माणसाला बघून पळतो. साडूंना बघून आम्हीही पळालो असतो, पण नात्यापुढे इलाज नव्हता. रविवारी पहाटे त्यांची एम-एटी दारात फुरफुरली की बायको माझी टोपी आणून द्यायची.

पक्षी बुजू नये म्हणून ते मातीच्या रंगाचे कपडे घालत. पक्ष्याचं माहीत नाही, पण कोल्हारच्या फाट्यावर एसटीच्या ड्रायव्हरला ते एकदा दिसलेच नाहीत आणि गाडी सरळ निघून गेली. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलाचं शिक्षण बाजूला ठेवून त्याच्या गावचा माळ कसा आहे, ते आधी विचारत. घरी पलंगभर नकाशा पसरलेला. अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, "त्या पाखराची जागा मग शोधा, आधी मला पाठ टेकायला जागा द्या."

त्यांची पद्धत साधी होती. गावात जायचं, पारावर बसायचं, पक्ष्याचं चित्र दाखवायचं आणि विचारायचं. आता, आपली माणसं पाहुण्याला 'नाही' म्हणत नाहीत. गुरुजी एवढे उन्हातान्हाचे आलेत, त्यांचं मन कशाला मोडा! "हाय की! लई हायेत. कालच उभं हुतं वड्याच्या कडंला," असं म्हणत चहा पुढे यायचा आणि साडू लाल ठिपका द्यायचे. बघता बघता नकाशाला गोवर आला. कोपरगावच्या उसातसुद्धा माळढोक! मी म्हटलं, "अहो, हा कोरड्या माळावरचा पक्षी, तिथे काय रस प्यायला गेला?" ते माझ्यावर रागावले, मग एकटेच बसून उसातले ठिपके खोडत राहिले.

पुढे कुठूनशी आवई उठली, की जिथे माळढोक, तिथे जमिनीची खरेदी-विक्री बंद. पार तोच, माणसं तीच, चहाही तोच, उत्तर मात्र फिरलं. "न्हाई वो गुर्जी, असलं पाखरू आमी जल्मात बगितलं न्हाई." सगळा नकाशा पुन्हा पांढरा व्हायला लागला. साडू पहिल्यांदा थकलेले दिसले. मला म्हणाले, "तो जायचा तर जाईल. पण होता कुठे, एवढं तरी खरं मांडून ठेवायला नको का?"

आणि श्रावण संपता संपता, कर्जतकडच्या एका माळावर, तो आम्हाला दिसला. कुसळी गवतात मान वर करून पाटलासारखा निवांत उभा. साडूंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. रान सारजाबाई नावाच्या बाईंचं होतं. त्या शेळ्या घेऊन आल्या, आमचा नकाशा पाहिला आणि खालीच बसल्या.

"गुर्जी, खोटं न्हाई बोलत. रोज येतंय ते हितं. मी कुनाला हुसकू देत न्हाई. पर ठिपका तेवढा नका देऊ. ह्यो तुकडा इकून पोरीला नगरला नर्सिंगला घालायचीय."

साडू बराच वेळ लाल पेन्सिल धरून उभे राहिले. मग ती त्यांनी खिशात घातली. "पोरीला शिकवा," एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर एका टपरीशी गाडी थांबवून ते म्हणाले, "सगळ्या जिल्ह्यात एकच ठिपका मी डोळ्यांनी बघून देणार होतो. तोच राहिला." त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं.

तो तुकडा विकला गेला, नांगरला गेला. सारजाबाईंची लेक नर्स झाली. माळढोक तिथे पुन्हा कुणाला दिसला नाही. साडूंना आता फारसं चालवत नाही. मी भेटायला गेलो की नकाशा उलगडतात, कर्जतच्या अंगाला कोऱ्या कागदावर बोट ठेवतात आणि विचारतात, "इथंच उभा होता ना?"

"इथंच," मी म्हणतो. मग अक्का चहा घेऊन येईपर्यंत ते बोट उचलत नाहीत.