बारावा वाडगा

समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावात, टेकडीवरच्या मुलींच्या शाळेत अराबा क्वान्सिमाने चव्वेचाळीस वर्षं भांडी घासली आणि भात शिजवला. आता ब्याऐंशीची झाली, गुडघे कुरकुरतात, तरी माजी विद्यार्थिनींचा मेळावा आला की स्वयंपाकघराच्या मागच्या दारी स्टूल टाकून ती बसणार म्हणजे बसणारच. येणाऱ्या बायका, कुणी डॉक्टर, कुणी खासदार, आधी तिच्याकडे जातात. ही प्रत्येकीला वाडग्याच्या नंबराने ओळखते.

"एकोणसत्तरचा बत्तीस नंबर ना तू? अजून माशाचं डोकं टाकून देतेस का गं?"

कचेरीत संगणक आहे, पत्त्यांची यादी आहे. पण कोण विधवा झाली, कुणाची लेक बाळंत झाली, हे विचारायला कचेरीतली माणसंसुद्धा अराबाकडेच येतात.

मेळाव्यातला मोठा मान हजेरीचा. मांडवात प्रत्येक वर्षाची लाकडी पाटी टांगतात. वर्ष पुकारलं की त्या वर्षाच्या बायकांनी उभं राहून "आहोत!" म्हणायचं, एकटी उरली तरी तिने म्हणायचं. तीनदा पुकारून कुणी उठलं नाही, तर पाटी उतरवून चॅपलमध्ये ठेवतात आणि ते वर्ष पुन्हा कधी पुकारत नाहीत. परीक्षा पास झाली का, हे कुणी विचारत नाही. जी त्या वर्षाच्या टेबलावर जेवली, ती त्या वर्षाची.

यंदा प्रश्न होता अठ्ठावन्नच्या पाटीचा. शाळेची पहिली तुकडी, अकराच मुली. दहा जणी आधीच गेल्या होत्या आणि अकरावी, बेंट्सिवा, ईस्टरच्या आधी गेली. लंडनला पुरलेली एक सोडली, तर बाकी सगळ्यांच्या दफनाला अराबा हजर होती, रांगेच्या शेवटी, स्वतःच्या काळ्या कापडात. तुकडीचं निळं छापील कापड नेसायचा हक्क तुकडीलाच.

बेंट्सिवा गेल्या वर्षी म्हणाली होती, "आता आमची पाटी उतरणार गं."

"उतरू दे की, लाकूडच ते," असं अराबा बोलून गेली खरी, पण ते बोलणं तिला वर्षभर कुसळासारखं टोचत राहिलं.

तर शनिवारी सकाळी ती स्टूल सोडून मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. जेवणाची पिशवी काखेत होतीच.

"एकोणीसशे अठ्ठावन्न!" एस्थर अबाकाने पुकारलं. ती माजी विद्यार्थिनी संघाची अध्यक्ष, आवाज असा की समुद्रावरचे कोळीही वळून बघतील.

कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. चव्वेचाळीस वर्षांत या बायकांसमोर तिने भात वाढण्याखेरीज काही केलं नव्हतं. तिसऱ्यांदा पुकारलं आणि शिपाई शिडी घेऊन निघाला.

"थांब रे!" अराबा ओरडली. "शिडी खाली ठेव."

पुढच्या रांगेतल्या निवृत्त न्यायाधीश बाई मागे वळल्या. बासष्टच्या तुकडीच्या, नियमाला पक्क्या. "आंटी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही स्वयंपाकघरातल्या. नियम तो नियम."

"नियमच सांगते आहे, बाई. टेबलावर जेवली ती त्या वर्षाची, हाच ना?"

"हो. मग?"

अराबाने नावं घ्यायला सुरुवात केली. एक नंबर, एफुवा ड्यूकर, हाडं कुमासीला. दोन नंबर, ग्रेस आक्वा, लंडनला पुरली, माती मात्र इथून नेली होती. तीन, चार, पाच. कोण परीक्षेत नापास झाली, कुणाला ताप आला तेव्हा कोण उशाशी बसलं, कुणाच्या लेकीचं नाव कुणावरून ठेवलं. हातात कागद नव्हता. मांडवातल्या सहाशे बायकांनी पंखे हलवायचे थांबवले. एवढ्या माणसांचं अख्खं आयुष्य एका भांडी घासणारीच्या डोक्यात साठ-पासष्ट वर्षं जसंच्या तसं राहिलं होतं.

"अकरा नंबर, बेंट्सिवा," अराबा म्हणाली. "मेट्रनबाई दुपारी झोपल्या की या पोरी मला आत आपल्या टेबलावर ओढून न्यायच्या. गारी, म्हणजे कसाव्याचा रवा, भिजवायची, साखर घालायची आणि तिचे बारा वाटे करायचे. मीही सोळाचीच होते. वाडगे अकरा होते म्हणून यांनी बाजारातून एक आणला."

तिने पिशवीतून टवके उडालेला पांढरा वाडगा काढून उपडा धरला. याच वाडग्यात ती आजही जेवते. बुडाला खिळ्याने कोरलेलं होतं: ५८, आणि खाली १२.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला, वाडगा दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ त्या आकड्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग उठून त्यांनी पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची स्वतः ओढून दिली.

"एस्थर, पुन्हा पुकार."

चौथ्यांदा पुकारायची रीत नव्हती. तरी एस्थरने पुकारलं, पण या खेपेला तिचा आवाज फुटला.

"एकोणीसशे अठ्ठावन्न!"

अराबा खुर्चीला धरून ताठ उभी राहिली.

"आहोत!"