आतल्या रांगेचे दोरे

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळ. पेणला रामवाडीत माहेरचा गणपतीचा कारखाना. हजर: मी, म्हणजे रोह्याच्या शाळेतली विज्ञानाची बाई, राहणार वरसे; दादा, माझा मोठा भाऊ, कारखाना आता तोच बघतो; वहिनी, रंगकाम तिच्याकडे; आणि ऑर्डर घ्यायच्या टेबलापाशी आमचे वडील, अण्णा.

काम एकच होतं. पोरांना हात लावून बघता येईल असं कानाच्या आतल्या भागाचं शाडूचं मॉडेल. कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते आणि तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी रांगेनं उभ्या असतात. आत एक रांग, बाहेर तीन. प्रत्येक पेशी बोटाएवढी करायची, डोक्यावर झाडूच्या काडीचे तुकडे खोचायचे आणि बुडाशी लाल दोरे चिकटवायचे. ते दोरे म्हणजे मेंदूकडे जाणारे मज्जातंतू. पेशी आणि त्या उभ्या करायची फळी दादानं आधीच्या आठवड्यात करून वाळवल्या होत्या. दोरे कसे लावायचे ते मी फोनवर सांगितलं होतं.

पोचले तेव्हा मॉडेल तयार होतं, देखणं होतं आणि चुकलं होतं. दादानं सगळ्या पेशींना तीन-तीन दोरे लावले होते.

"अरे, सारखे नसतात ते. आतल्या रांगेतल्या एकेका पेशीला दहा-बारा दोरे हवेत. बाहेरच्या तीन रांगांना अगदी थोडे, एकाच दोऱ्याला फाटे फुटून कितीतरी पेशींत वाटलेले."

"एका रांगेला एवढं आणि तीन रांगांना उष्टं-खरकटं?" दादा म्हणाला. "आमच्यात असं चालत नाय, मास्तरीणबाई. एका मापाच्या मूर्तींना एकसारखे दागिने. एकाला हार जास्त घातला की दुसरं गिऱ्हाईक भांडायला येतं."

त्याचंही खरं होतं. कारखान्यात एक माणूस सगळ्या मूर्तींना सोंडा लावतो, दुसरा सगळ्यांना हात. तोच हिशोब त्यानं कानाला लावला होता.

मी समजावलं. बाहेरच्या रांगा मुख्यतः आवाजाला जोर देतात. तो आवाज मेंदूला कळवायचं जवळजवळ सगळं काम आतल्या रांगेचं. म्हणून दोरे तिला.

"म्हणजे बाहेरचे तिघे बँडवाले," वहिनी म्हणाली, "आणि आतला एकटा निरोप्या. तोडा, तोडा ते दोरे."

तोडले. चौघं बसून नव्यानं चिकटवले. अण्णांचा हात अजून स्थिर आहे. आतल्या रांगेचे बहुतेक दोरे त्यांनीच लावले.

अण्णांचं त्या टेबलावरचं हे बहुधा शेवटचं वर्ष असं दादानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. गिऱ्हाईक एक बोलतं, अण्णा भलतंच उत्तर देतात. कानाची तपासणी झाली होती, यंत्रातल्या शिट्ट्या त्यांना बऱ्यापैकी ऐकू आल्या होत्या. त्यामुळे घरानं निकाल देऊन टाकला होता: ऐकू येतं, लक्ष नसतं. अण्णा सांगायचे, "आवाज येतो गो बाय, शब्द नाय येत." त्यावर सगळे हसायचे. टेबल गेलं तर अण्णांना दिवसभर ओटीवर बसण्यापलीकडे काय उरणार होतं?

गोंद वाळायच्या आत वहिनीला मॉडेलवर शाडूची धूळ दिसली. मूर्तीवरची धूळ ती रंगाच्या कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवते. बटण दाबलं, नळी धरली, आणि आतल्या रांगेचे लाल दोरे भुर्रकन उडून दादाच्या डोक्यावर बसले.

"घाल आता मलाच मखरात!" दादा ओरडला. वहिनी हसत खालीच बसली. मी कॉम्प्रेसर बंद केला.

अण्णा मात्र मॉडेलकडे बघत होते. "पेशी तर सगळ्या उभ्या हायत. मग या कानाला ऐकू येईल का?"

"आवाज येईल," मी म्हणाले. "शांत खोलीत बोलणंही कळेल. पण गलका असला की शब्द सुटे होणार नाहीत. साध्या शिट्ट्यांच्या तपासणीत हे कधीकधी कळतही नाही."

"मग मी इतकी वर्षं काय सांगतोय?"

मग वहिनी म्हणाली, "पण अण्णा, चहा झाला हे बरं ऐकू येतं!"

"तवा कॉम्प्रेसर बंद असतो गो. तू एकटीच बोलत असतेस."

त्यांच्या कानात नेमकं हेच झालंय का, हे नीट तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी स्पष्ट बोलले. पण दादा टेबलाकडे बघत होता. टेबलाच्या पाठीशी, हातभर अंतरावर, कॉम्प्रेसर. मघाची ती एक फुंकर सोडली तर सकाळभर तो बंद होता आणि सकाळभर अण्णांनी एकही उत्तर भलतं दिलं नव्हतं.

"टेबल अण्णांचंच," डोक्यावरचे दोरे काढत दादा म्हणाला. "कॉम्प्रेसर जाईल मागच्या पडवीत."

दोरे पुन्हा लावले. एक पेशी अण्णांनी मुद्दाम बिनदोऱ्याची ठेवायला लावली. "पोरांना दाखव." मी दाखवते. पोरं सगळ्यात आधी तिलाच बोट लावतात.

अण्णांची मोठी तपासणी झाली. डॉक्टरांनी गोंगाटात बोलणं ऐकवून बघितलं आणि अण्णांचंच म्हणणं खरं ठरवलं. पडवीत ओटा बांधून झाला, लांब वायर आली, हवेची नळी आली. पण ते धूड उचलायला चार माणसं लागतात, आणि चौघं एका रविवारी सापडत नाहीत. काल फोन केला तर मागे घरघर चालूच होती. अण्णा फोन घेऊन अंगणात गेले, मग बोलले.

कॉम्प्रेसर हलवणे: बाकी.