उतारावर चालू होणारी गाडी

आमच्या घरात मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे आणि छपाईतून उरलेली पत्रकं कपाटात, माळ्यावर, गादीखाली असायची. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आले. त्यामुळे पहिलीत बाईंनी शाळेविषयी पाच वाक्यं लिहायला सांगितली तेव्हा मी पाच मागण्या लिहिल्या. आजही मला साधा निरोप लिहिता येत नाही. दूध आणायला सांगायचं असलं तरी कागदावर मुद्दे पडतात.

आई याच्या अगदी उलट. ती आरोग्यसेविका. जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर फिरून लसी टोचायच्या, बाळंतिणी तपासायच्या, वजनं घ्यायची, हे तिचं काम. मुद्दे मांडायला तिला वेळ नसतो. मी सातवीत असताना तिने एक छोटी पांढरी गाडी घेतली. नवी कोरी. बाबांनी गाडीला खाजगी मालमत्ता म्हणून तत्त्वतः विरोध केला आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातूनच सभेला गेले. ते गाडी चालवायला मात्र कधी शिकले नाहीत आणि मीही नाही. गाडी फक्त आईच्या हाताखाली राहिली.

तिसऱ्या पावसाळ्यात एका पाड्यावर किल्ली फिरवल्यावर गाडीने नुसतं 'कट्' केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'कट्'. चार माणसांनी धक्का मारला, गाडी उतारावरून घरंगळली, आईने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी चालू झाली. गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, गेला, असं आईने त्या दिवशी ठरवलं. मग जव्हारच्या मेस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी काय ते केलं. पण एकदा दगा दिलेल्या सेल्फच्या तोंडी पुन्हा लागायचं नाही, असा आईचा स्वभाव. तिने नात्यातल्या दोन माणसांशीही असंच केलं आहे.

तेव्हापासून आमची गाडी उतारावर चालू व्हायची. किल्ली अर्धी फिरवायची, हँडब्रेक सोडायचा, गाडी आपण होऊन निघाली की दुसरा गिअर. आमच्याकडे त्यात काही अडचण नव्हती. इथे सपाट जागा असते ती फक्त भाताच्या खाचरात, आणि तिथे गाडी लावत नाहीत. आईच्या डोक्यात तालुक्याचा नकाशा म्हणजे उतारांचा नकाशा. जामसरला हातपंपाशेजारी बरा उतार. साखरशेतला शाळेच्या वरच्या अंगाला, पण तोंड वळवून लावावी लागते. शिरपामाळला पाहुण्यांना घेऊन गेलो की ते देखावा बघायचे आणि आई म्हणायची, "काय सुंदर उतार आहे!" चाकाखाली लावायला एक काळा दगड सीटखाली कायमचा ठेवलेला. हँडब्रेक होता, पण आईचा विश्वास दगडावर.

एखाद्या पाड्यावर उतार नसलाच, तर माणसं होती. लसीकरण संपलं की ज्यांच्या पोरांना सुया टोचल्या ते बाप रडती पोरं बायकांकडे देऊन गाडीच्या मागे उभे राहायचे. कोणाला सांगावं लागायचं नाही. आई रजिस्टर बंद करायची, बाप उठायचे. एका गुरुजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना धक्का माफ होता. ते पुढे उभे राहून नुसते "हं, हं, हं!" करायचे.

अशी बारा वर्षं गेली. टायर बदलले, ब्रेक बदलले, एक आरसा म्हशीने नेला. पण चालू व्हायची राहिली असं एकदाही झालं नाही. कोणी विचारलं की आई सांगायची, "माझी गाडी कधी दगा देत नाही."

मग गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आली. आता तपासणी करून नोंदणी नव्याने घ्यायची, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही. आईने जेवताना शांतपणे सांगितलं, "नापास झाली तर मी बदलीचा अर्ज देते. तालुक्याला टेबलावर बसेन. लसीची पेटी मांडीवर घेऊन जीपच्या मागे लोंबकळायचं माझं वय नाही राहिलं."

मी घास खाली ठेवला. आईची निवृत्ती दोन वर्षांवर होती. तिच्या जागी नवी बाई कधी येईल ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आली तरी तिला कुठल्या पाड्यावरची कुठली बाई दवाखान्याच्या नावाने रानात लपते ते कळायला दोन वर्षं गेली असती. म्हणजे एका यंत्राच्या वयावरून चौदा पाड्यांचं आरोग्य ठरणार होतं. मी त्याच संध्याकाळी लिहायला बसले.

पत्रकाचं शीर्षक होतं, 'जी चालते तिला भंगार म्हणू नका!' त्यात सात मुद्दे होते. चौथा मुद्दा असा: 'ही गाडी गेल्या पंधरा वर्षांत डोंगरात, चिखलात, धुक्यात कधीही चालू व्हायची राहिलेली नाही.' बाबांनी वाचून 'धुक्यात'च्या पुढे उद्गारचिन्ह घालायला सांगितलं. शंभर प्रती काढल्या.

तपासणी घाट उतरून खाली मैदानी भागात होती. सकाळीच निघालो. वाटेत आईने चहा घेतला तोही अशा टपरीवर जिच्यासमोर उतार होता. चहा वाईट होता. खाली पोचलो आणि मला पहिल्यांदा जाणवलं की इथे सगळंच फार पसरट आहे. तपासणीचं मैदान तर पोळपाटासारखं. पण तेव्हा माझं लक्ष पत्रकांकडे होतं.

रांगेत टेम्पो, रिक्षा, दोन-तीन जुन्या गाड्या होत्या. मी उतरून पत्रकं वाटायला लागले. फाटकाबाहेर फिरणारा एक एजंट जवळ आला.

"ताई, फाइल माझ्याकडे द्या. गाडी दाखवायचीपण गरज नाही."

"आमची गाडी स्वतःच्या बळावर पास होणार," मी म्हटलं.

"वय किती?"

"पंधरा."

"तुमचं नाही, गाडीचं."

"गाडीचंच सांगतेय!"

त्याने पत्रक घेतलं, घडी घातली आणि त्याच पत्रकाने वारा घेत निघून गेला.

आमचा नंबर आला. इन्स्पेक्टर साहेब सडसडीत, टोपी घातलेले, फारसं न बोलणारे. त्यांनी दिवे पाहिले, वायपर पाहिले, हॉर्न वाजवायला सांगितला. सीटखालून दगड काढला.

"हे काय?"

"दगड," आई म्हणाली.

"ते दिसतंय."

मला खोटं सहन होत नाही, अर्धवट खरंही सहन होत नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, हँडब्रेक उत्तम आहे. दगड हा विश्वासाचा भाग आहे. शिवाय मागचं डावं दार आतूनच उघडतं, आणि चौथ्या गिअरमध्ये एक आवाज येतो, तो मी काढून दाखवू शकते."

आईने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आवाज माझ्या तोंडून वेगळाच निघाला.

साहेबांनी हँडब्रेक ओढून पाहिला, मान हलवली. मग म्हणाले, "इंजिन बंद करा. चेसिस नंबर बघायचाय."

आईने किल्ली फिरवून बंद केलं. घरून निघाल्यापासून चहाची टपरी सोडली तर तिने गाडी कुठेच बंद केली नव्हती. साहेबांनी नंबर पाहिला, लिहिला, बॉनेट खाली टाकलं.

"करा चालू."

आईने किल्ली अर्धी फिरवली. हँडब्रेक सोडला. आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिली.

साहेब थांबले. मी थांबले. मागचा टेम्पोवालाही थांबला.

"मॅडम, चालू करा."

"करतेय."

"काय करताय?"

"वाट बघतेय," आई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की गाडी कुठेच जात नाहीये. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी आईला पहिल्यांदाच घाबरलेली पाहिली. बारा वर्षं तिने हे मैदान टाळलं होतं, आणि आपण ते टाळतोय हेही तिला माहीत नव्हतं.

मी गाडीच्या मागे धावले. "भाऊ, या जरा!" टेम्पोवाला आणि दोन रिक्षावाले आले. माझी पत्रकं वाचून की नुसतं कंटाळून, ते माहीत नाही. मी खांदा लावला.

"थांबा!" साहेबांनी हात वर केला. "धक्का मारून चालू होणारी गाडी मला पास करता येत नाही."

मग मी बोलले. काय बोलले ते आज नीट आठवत नाही, पण सुरुवात 'बंधूंनो' अशी होती, हे टेम्पोवाल्याने नंतर सांगितलं. उतार हा डोंगरी माणसाचा नैसर्गिक साथी आहे, हे बोलले. ही गाडी डोंगरात वाढली, तिची परीक्षा सपाटीवर घेणं हा अन्याय आहे, हे बोलले. तिला न्याय द्यायचा असेल तर आमच्याकडे चला, आमच्याकडे उतार मुबलक आहेत, हेही बोलले. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने कायम सांगते.

"सेल्फ गेलाय का?" त्यांनी आईला विचारलं.

"गेलाय," आई खाली मान घालून म्हणाली. "बारा वर्षं झाली."

"बारा वर्षं?" त्यांनी पेन उघडलं. नापासचा रकाना मला उलटा दिसत होता. "बरं, एकदा मारून दाखवा. बिघाड काय लिहायचा ते तरी कळू दे."

"काही होणार नाही हो."

"मारा तर."

टेम्पोवाला मागून ओरडला, "चाबी पूरी घुमाओ, मॅडम! पूरी!"

आईने डोळे मिटले, लहान मुलाला सुई टोचताना ती जसं त्याला मिटायला सांगते तसे, आणि किल्ली पूर्ण फिरवली.

गाडी चालू झाली.

'कट्' नाही, खोकला नाही. लगेच. आई किंचाळली आणि तिने बंद करून टाकली.

"बंद कशाला केली?" साहेब म्हणाले.

"चालू झाली ना!"

"परत करा."

परत झाली. तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतः बसून केली. मग पेन हातात धरून त्यांनी आईकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "मग बिघाड काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली. त्यांनी मागचं दार दुरुस्त करून दाखवायला लावलं, ते समोरच्या गॅरेजमध्ये तासाभरात झालं, आणि गाडी पास झाली. कागद पाच वर्षांचा मिळाला.

तिथूनच आईने मेस्त्रींना फोन लावला. स्पीकरवर.

"मेस्त्री, आमचा सेल्फ कधी दुरुस्त केलात?"

"सेल्फ? त्याला कुठे काय झालं होतं बाई? बॅटरी गेली होती. तेव्हाच बदलली. नंतरही दोनदा बदलली की."

"मग मला बोलला नाहीत ते?"

"बोललो ना, झाली म्हणून."

"अहो, मी बारा वर्षं उतारावरून चालू करतेय!"

"ते मला माहितीये. मला वाटलं, पेट्रोल वाचवताय."

घाट चढून वर आल्यावर आईने विचारलं, "किती माणसांनी धक्के मारले असतील गं?" मी म्हटलं, आपण जाहीर दिलगिरीचं पत्रक काढू, पाड्यापाड्यावर लावू. ती म्हणाली, "एक अक्षर लिहिलंस तर बघ." यावर आमचं घरापर्यंत भांडण झालं. लोकांना खरं कळायचा हक्क आहे, हे माझं म्हणणं. चौदा पाड्यांवर अजून दोन वर्षं तोंड दाखवायचंय, हे तिचं.

त्या आठवड्यात साखरशेतच्या पुढच्या एका पाड्यावर लसीकरण होतं. मीही पेटी धरायला गेले. आईने गाडी पहिल्यांदाच अंगणवाडीच्या दारात, सपाट जागेत, जिथे सावली होती तिथे लावली. काम झालं. आईने रजिस्टर बंद केलं. चार जण सवयीने उठले, पोरं बायकांकडे दिली आणि गाडीच्या मागे जाऊन हात टेकून उभे राहिले.

आईने काच खाली केली, पुन्हा वर केली. मग किल्ली पूर्ण फिरवली. गाडी चालू झाली आणि चौघेही हात टेकून तसेच वाकलेले राहिले.

त्यातला एक म्हातारा, जो आता नातवाला घेऊन यायचा आणि पूर्वी त्याच्या बापाला घेऊन यायचा, पुढे आला. त्याने गाडीला एक फेरी मारली. म्हशीने नेलेल्या आरशाची जागा पाहिली.

"बाय, नवी घेतलीस का गं?"

"नाही बाबा. तीच आहे."

"तीच?" त्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "मंग आजवर काय झालतं तिला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला खोटं सहन होत नाही, हे तिला पुरतं माहीत आहे. मी तोंड उघडलं.

आईने पहिला गिअर टाकला.