गप्प बसायची नोकरी

आमच्या रामघाटाच्या पायरीवर तो रोज सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. नाव मी कधी विचारलं नाही, पण बनारसमध्ये मराठी कानावर पडलं की माझे पाय रेंगाळतातच. मीटिंग सुरू झाली की तो "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारतो आणि हातातलं पान गालात सारतो. त्यापुढे नुसतं "हूं."

एकदा न राहवून मी म्हटलं, "काय हो भैया, पान खाऊन ऑफिस?"

"काका, आधी मी प्रोजेक्ट मॅनेजर होतो. कामं वाटायची, तारखा मागायच्या. आता अजाईल कोच झालोय. टीमनं आपलं काम आपणच ठरवायचं, मी फक्त विचारायचं. पण उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं हो! पान असलं की तोंड बंद राहतं."

म्हणजे पगार गप्प बसण्याचा! आमच्या घाटावर ही नोकरी एकालाही झेपली नसती.

परवा पानवाला गावी गेला होता. बिचारा रिकाम्या तोंडानं बसला. टीम कुठंतरी अडली होती. त्यानं ओठ दाबले, मांडी बदलली, गंगेकडे पाहिलं आणि शेवटी सुटलाच, "हे तू कर, ते तिला दे, शुक्रवारपर्यंत मला सगळं..."

मग लॅपटॉपमधून एका मुलीचा आवाज आला, "सर, आज पान नाही मिळालं का?"

त्याचे कान लाल झाले. माझ्याकडे चोरून पाहत तो टीमला म्हणाला,

"तुम्हाला काय वाटतं?"