फेसाचा कोड आणि भास्करचं ग्रीन कार्ड

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक गोष्ट मी बनवलीय. ती शेवटी सांगेन. न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या आमच्या कंपनीत किस्से बेसिनमधल्या फेसासारखे साचायचे. एक धुवावा तर दुसरा तयार!

*

आम्ही हात धुवायचा अँटिबॅक्टेरियल साबण बनवायचो. पंप दाबला की थेट फेसच. २००४ साली नागपूरचा भास्कर माझ्या हाताखाली रेग्युलेटरीत, म्हणजे सरकारी नियम सांभाळणाऱ्या खात्यात, आला. मी त्याला सांगितलं, "हा साबण नाही रे. जंतू मारतो म्हणतो ना? मग सरकारच्या लेखी औषध. औषधाला सरकारी नोंदणीचा कोड लागतो."

"म्हणजे माझ्या बीपीच्या गोळीच्या रांगेत हा?"

"हो. फक्त जेवणानंतर घेऊ नकोस!"

*

मार्केटिंगची लिंडा दर सोमवारी बाटली बदलायची. लहान बाटली, वेगळा कोड. मोठी बाटली, आणखी वेगळा. भास्कर कावला. "यार, पोरीचं नाव ठेवताना एवढा ताप नव्हता झाला!"

"तुझ्या पोरीला लिंडा दर सोमवारी बदलत नव्हती ना!"

*

मग व्हायचं तेच झालं. एका मोठ्या स्टोअर-चेनची ऑर्डर तयार, आणि लेबलवर एक कोड, सरकारकडे नोंदवलेला भलताच! सगळा माल गोडाऊनमध्ये अडकला. आमचा मालक फ्रँक भडकला. "भास्कर, ही ऑर्डर गेली तरच तुझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर सही करीन."

भास्करच्या व्हिसाचं शेवटचं वर्ष. बायको रोज सकाळी विचारायची, "डबा भरू की बॅगा?"

*

अशा टेन्शनमध्येही गडी सवय सोडेना. पँट्रीतल्या सिंकवरची आमच्याच काकडी-सुगंधी साबणाची बाटली संपली की हा त्यात पाणी घालायचा. खळखळ हलवायची, पुन्हा सिंकवर! लिंडानं एकदा ती कचऱ्यात टाकली. यानं उचलून आणली आणि गळ्यापर्यंत भरली.

मी ओरडलो, "अरे, औषध आहे ते! किती पातळ करशील?"

"काकडी आहे ना सर? मग पाणी सुटणारच!"

*

शेवटी त्या चेनची खरेदीवाली बाई स्वतः जाब विचारायला आली. चिडून बोलता बोलता कॉफी हातावर सांडली. पँट्रीत गेली, हात धुतले आणि तिथूनच ओरडली, "फ्रँक! हा कुठला? तुमच्या सॅम्पलनं माझे हात सोलून निघाले होते. हा किती मऊ आहे! मला हाच पाहिजे."

फ्रँकचा चेहरा उजळला. "भास्कर, याचा कोड काय?"

मी छताकडे बघत होतो.

भास्कर पुटपुटला, "सर, याला कोड नाही."

"का नाही?"

"यात औषधच उरलं नाही. मी... रोज पाणी घालतो." आणि लगेच पुढे म्हणाला, "पण सर, औषध न घालताच असा बनवला आणि लेबलवरून जंतू काढले, तर हा नुसता साबण. नुसत्या साबणाला औषधाचा कोड लागतच नाही!"

फ्रँकनं बाटलीकडे पाहिलं. भास्करकडे पाहिलं. बाई अजून हात हुंगत होती.

फ्रँकनं खिशातून पेन काढलं. "सही कुठे करायची?"

संध्याकाळी भास्करला बायकोनं फोनवर विचारलं, "अहो, असं केलंत तरी काय?"

"पाणी घातलं!"

*

आता कबुली. वास काकडीचा नव्हता, पीचचा होता. पण पीचला पाणी सुटतं म्हटलं तर कोण हसणार हो?